धुतलेले पऱ्हे

दिव्यानी भांडेकर बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त पाहते. ही सवय तिला बापाकडून लागली. हिवरटोल्याच्या चौकात लटारूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक मनगट चोळत आलं, की तो न विचारताच हँडल तपासायला घ्यायचा.

चामोर्शीपासून थोडं आत, वैनगंगेच्या अंगाचं हे गाव. शेती सगळी धानाची. दिव्यानी चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकली, नागपूरला एका कंपनीत काही वर्षं पंप जोडत राहिली आणि एका उन्हाळ्यात नोकरी सोडून घरी आली. धान रोवायचं मशीन करायचं म्हणाली. कारण घरातच होतं. तिची माय भागीरथा गावातल्या रोवणीच्या टोळीची मुख्य. ठोक पैसे ठरवून बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, गुत्ता घ्यायचा, सगळ्या बायांनी मिळून ती रोवायची आणि मिळालेलं सारखं वाटून घ्यायचं, अशी तिथली रीत. पण वर्षानुवर्षं वाकून भागीरथेची कंबर अशी धरली होती, की रोवणी संपल्यावर पुढचे कित्येक दिवस ती भिंतीला धरून उठायची.

मशीन दुकानाला लागून असलेल्या घराच्या मागच्या पडवीत तयार झालं. मोटर नाही, डिझेल नाही. एका बाईनं ओढायचं, सायकलच्या चेनवर चालणारं. दिव्यानीनं तेव्हाच एक नेम केला होता. चामोर्शीच्या बाजारात जे मिळत नाही, ते मशीनला लावायचं नाही. एक जर्मन बेअरिंग तिनं नागपूरहून आणलं होतं, तेही काढून टाकलं.

मशीनची खबर उमाजीला लागली. गावात सगळ्यात जास्त बांध्या त्याच्या. तो आला, मशीनभोवती फिरला आणि ओट्यावर टेकला.

"हे मले पाह्यजे," तो म्हणाला. "आनखी दोन बनव. टोळीची मनधरनी करून करून जीव गेला माहा. ह्या सालपासून टोळीच नको."

घरात भाकरी थापणाऱ्या भागीरथेच्या हातांचा आवाज थांबला. दिव्यानीनं तो थांबलेला ऐकला. आजवर तिनं मायच्या कंबरेचाच विचार केला होता. मायच्या कामाचं काय होईल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मशीन उमाजीच्या हातात गेलं, तर कंबर वाचेल आणि गुत्ता जाईल.

"पहिला हक्क टोळीचा, भाऊ," ती म्हणाली. "रोवणीले तुमच्याच एका बांधीत चालवून दाखवते. टोळीनं घेतलं तं त्याहीचं. नाई घेतलं तं तुमी न्या."

उमाजी हसत कबूल झाला. टोळी घेणार नाही, अशी त्याची खात्री होती. खुद्द भागीरथेचीही तीच खात्री होती.

"मशीन आलं का हात रिकामा," ती रात्री ताट वाढताना म्हणाली. "तू शिकलीस, तुले समजते. मले एवढंच समजते."

या मशीनला पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, वेगळे लागत. प्लास्टिकवर चिखलाचा पातळ थर देऊन त्यात दाट बी टाकायचं, म्हणजे मुळं एकमेकांत गुंततात आणि रोपांची चटईच तयार होते. ती चटई चिखलासकट उचलून मशीनच्या ताटात ठेवायची. दिव्यानीनं अंगणात अशा चटया स्वतः वाढवल्या, कोंबड्यांपासून राखल्या.

रोवणीचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी चटया आणि मशीन उमाजीच्या बांधावर नेऊन ठेवलं. त्या सकाळी चेनची एक पिन हवी म्हणून ती गाडीवर चामोर्शीला गेली. परत आली तेव्हा टोळी उमाजीच्या बांधीवर हजर होती, उमाजीही होता. बांधावर हिरव्यागार पेंढ्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. नीट बांधलेल्या, मुळं पांढरीशुभ्र.

"हे काय?" दिव्यानीनं विचारलं.

बायनाबाई टोळीतली सगळ्यात बोलकी. ती पदरानं हात पुसत पुढं आली. "तुले आज घाई राहीन म्हनून आमी पहाटीच आलो. सारे पऱ्हे धुऊन ठेवले. किती चिखल होता वो बाई. चिखलासगट कोन रोवते?"

दिव्यानीनं एक पेंढी उचलली. चटई उरलीच नव्हती. एकेक रोप सुटं झालेलं. ताटात ठेवलं असतं तर मशीननं एकदम मूठभर उचललं असतं, नाहीतर काहीच नाही.

"मशीन उपाशी राह्यलं म्हना आज," उमाजी म्हणाला.

आता बायांच्या ध्यानात आलं. बायनाबाईचा हात पदरातच राहिला. भागीरथा लेकीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आमचं चुकलं का वो?"

"नाई माय. तुमी तं मदत केली. चिखल काऊन ठेवाचा, ते मीच सांगतलं नाई."

धुतलेले पऱ्हे वाट पाहत नाहीत. मशीन बांधावर तसंच ठेवून दिव्यानीनं पायजमा गुडघ्यावर खोचला आणि ती टोळीच्या रांगेत उतरली. मागे मागे सरत, वाकून, चिखलात. शेजारी माय होती. डाव्या हातात पेंढी, अंगठा ती मोकळी करतो, उजवा हात दोन-तीन काड्या घेऊन चिखलात टोचतो. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. पण त्या दिवशी कंबर दुखत असताना तिनं ती मशीनच्या नजरेनं पाहिली. या हातांना चटई शिकवायची, की मशीनला पेंढी? बायांची सवय मोडून चालणार नव्हतं. वळवायचं होतं ते लोखंड.

बांधी भरली तसा उमाजी म्हणाला, "मंग मशीन माहं ना?"

"न्याचं तं न्या," दिव्यानी म्हणाली. "पन हे चटईचे पऱ्हे खाते. तुमच्याकडे कोन टाकते चटई? पुढच्या रोवणीले धुतलेले पऱ्हे चालवून दाखवते. बोली तीच."

उमाजीनं अडून पडलेल्या मशीनकडे पाहिलं. "घ्या एक साल," तो म्हणाला.

ते साल लटारूनं आणि तिनं पडवीत काढलं. सायकलचे आरे वाकवून बोटं केली. ती कधी पानं चेमटायची, कधी रिकामीच खाली जायची. उन्हाळ्यात पऱ्हे नसतात, म्हणून बायनाबाई तळ्याकाठचं गवत उपटून, धुऊन, पेंढ्या बांधून आणून द्यायची. "तुह्या मशीनले चारा आनला," म्हणायची. शेवटी आऱ्यांच्या टोकांना जुन्या ट्यूबचं रबर चढवलं आणि पकड जमली.

पुढच्या रोवणीला पुन्हा तीच बांधी, तीच माणसं. या वेळी दिव्यानीनं मशीनला हात लावला नाही. भागीरथेनं धुतलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या सोडून ताटात मांडल्या, दांडा धरला आणि ती ताठ उभ्यानं मागे सरू लागली. मशीनमागून ओळी उमटत गेल्या. मध्ये दोनदा चेन उतरली. दोन्ही वेळा बायनाबाईनं ती बोटांनीच चढवली आणि काळे हात उमाजीला दाखवले.

पण बांधी तिकोनी होती. मशीन कोपऱ्यात वळेना.

"कोपरे राह्यले ना," उमाजी म्हणाला.

भागीरथा थांबली. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या बायांकडे.

"कोपरे आमी भरतो जी," ती म्हणाली. "मशीन आमचं, हात आमचे. गुत्ता पुऱ्या बांधीचा सांगा."

उमाजीनं वर पाहिलं. आभाळ भरून येत होतं आणि त्याच्या बऱ्याच बांध्या रोवायच्या राहिल्या होत्या. त्यानं गुत्ता दिला.

आज दिव्यानीचं वर्कशॉप चामोर्शीत आहे. राजुऱ्याकडचीही मागणी येते. मशीन आधी टोळीला विकायचं, टोळी नको म्हणाली तरच शेतकऱ्याला, हा तिचा नेम कायम आहे. नव्यानं कामाला लागलेल्या इंजिनिअरला ती पहिल्या रोवणीत बांधीत उतरवते. कोपऱ्यात वळणारं मशीन करता येईल, असं त्यातला कोणी ना कोणी दर वर्षी सुचवतो.

"करता येईन ना," ती म्हणते. "टोळीले विचारून ये."

टोळीचं उत्तर दर वर्षी तेच येतं: "नाई. कोपरे आमचे."