न विचारता आलेला फोन

आमची सूनबाई जपानची. मुलगा नोकरीला तिकडं गेला आणि तिथंच लग्न जमलं. आमच्या जळकोटात घरच्या माणसाचा फोन म्हणजे उघडं दार. चहा पिताना लावायचा, भाजी निवडताना चालू ठेवायचा, बोलायला काही नसलं तरी चालतं. सूनबाईचा मात्र आधी मोडक्यातोडक्या मराठीत मेसेज यायचा, "आई, आता फोन केला तर त्रास नाही ना?"

आमचे हे वैतागायचे. "परकं समजती का काय आपल्याला?"

शेवटी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आई, आमच्याकडे दुसऱ्याच्या वेळात विचारल्याशिवाय शिरत नाहीत. मान असतो तो." ह्यांना सांगितलं तर नुसतं "व्हय का?" म्हणाले, पण त्यानंतर त्यांची कुरकुर थांबली.

यंदाच्या वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या रानपूजेच्या सणाला, आम्ही सगळे रानात होतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी केलेली, आत पांडवांची पूजा चाललेली, पालेभाज्या-ओल्या दाण्यांच्या भज्जीचा अन् ताकातल्या ज्वारीच्या आंबिलीचा वास सुटलेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सूनबाईचा! मेसेज न्हाय, काय न्हाय, थेट व्हिडिओ कॉल. मी घाईनं उचलला. मुलाला काही झालं का?

"आई, कोप दाखवा! लवकर दाखवा!" ती हसत होती. शेजारी तिची आई बसलेली. दोघींच्या पुढ्यात वाटीत भज्जी! मी पूर्वी सांगितलं होतं त्यावरून तिनं केलेली. तिच्या आईनं फोनपुढं वाकून नमस्कार केला. मी गडबडीनं डोक्यावर पदर घेतला, अन् ह्यांनी हातातला आंबिलीचा लोटा खाली ठेवून कमरेत वाकून तसाच नमस्कार केला. आख्खी कोप हसली.

मग जो धिंगाणा झाला! सणाच्या रीतीप्रमाणे हे पिकावर आंबील शिंपडत पुढं, मी फोन उंच धरून मागं. ज्वारी, हरभरा, करडई, सगळं दाखवत सुटले. शेजारच्या रानातल्या बायकाही धावत आल्या. "अगं, आमाला बी बोलू द्या की!" सूनबाईची आई जपानीत काहीतरी विचारायची, ह्या बायका मराठीत भलतंच उत्तर द्यायच्या, आणि सूनबाई मधे हसून हसून बेजार.

"त्या काय म्हणत्यात?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, आई म्हणते, पुढच्या वर्षी आम्ही दोघी येतो. जेवायला बोलवाल का?"

"बोलवायचं काय त्यात? या की!" हे इतक्या मोठ्यानं ओरडले की बांधावरचे बगळे उडाले.