नारळाआधी जाळी

डिंगोऱ्याजवळच्या खडी क्रशरवर मी मुकादम होतो. मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी मालकांच्या घाईपायी मीच काढून ठेवली होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एका बाईचा पदर पट्ट्यात गेला. पदर फाटला म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी मशीनला झेंडूचा हार घातला आणि मालक नारळ घेऊन पुढं आले. मी आडवा उभा राहिलो.

"आधी जाळी बसवा, मग नारळ फोडा."

"बाजूला हो. मुहूर्त टळतोय."

"टळू द्या. हात तुटला तर देव जोडून देणार न्हाई."

मालकांनी नारळ माझ्या हातात कोंबला, बाह्या वर सारल्या आणि स्वतः पाना घेतला.

त्यांनी बसवलेली जाळी काढायची हिंमत पुढं कुणाचीच झाली नाही. मालकांचीसुद्धा.