इलियासचाचांचा पाय

चाचींचा फोन दुपारी आला. "बेटा, चाचा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागं शेडमधला पंप हवा ओढत होता... बंद करायचं कुणाला सुचलं नसावं. यंत्रापुढे उभे असतानाच छातीत कळ आली, असं नंतर समजलं.

इलियासचाचांचं बीडमध्ये घरामागच्या शेडमध्ये प्लास्टिकचं काम होतं. चादर तापवायची, मऊ पडली की साच्यावर सोडायची, खालून हवा ओढायची. चादर साच्याला कातडीसारखी चिकटते. मिठाईचे ट्रे, रोपांचे ट्रे ते असेच काढत. मी त्यांच्याकडे गेले ती ऊसतोड बायांच्या नडगीसाठी. कोयता निसटला की घाव नडगीवर बसतो, आणि त्याला 'किरकोळ' म्हणणारे स्वतः कधी फडात उतरलेले नसतात. आमच्या संघटनेला नडगीवर बांधायचं कवच हवं होतं. पुण्याची डिझायनर केतकी ते रेखाटणार होती. चित्र पूर्ण करून पाठवते, असं ती म्हणाली, तर चाचांनी फोनवरच अडवलं. "पूर्ण कावून करता मॅडम? अर्धं असतानाच या. पूर्ण चित्राशी मला नुसतं भांडताच येतं."

ती आली, आणि तरी दोघं फरशीवर बसून भांडलीच. केतकीचा साचा खोलगट होता. चाचांनी तशी चादर ओढून दाखवली: तळाला पोचेपर्यंत ती ताणून पातळ होते, आणि तळ म्हणजे नेमकं नडगीचं हाड. त्यांना साचा उभार हवा होता, थेट पायासारखा, म्हणजे चादर आधी हाडाला टेकेल आणि तिथं जाड राहील. पण कवच पोटरीभोवती फिरवायचा त्यांचा हट्ट केतकीनं मोडून काढला. "बाया घामानं शिजतील, चाचा." वस्तू बनवणारा माणूस ती ठरवतानाही हजर पाहिजे, हे मी सभांमधून ओरडून सांगत आले, त्या फरशीवर ते कुणी न ओरडता चाललं होतं.

आता साच्यासाठी पाय कुणाचा घ्यायचा? चकलांब्याच्या शोभाक्का दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. त्या म्हणाल्या, "तुमच्या काड्या आमच्याच मापाच्या हायत की, चाचा." चाचांनी हसत पायजमा वर ओढला, आणि प्लास्टरमध्ये त्यांचा पाय उतरला.

गेल्या हंगामात कडा गावाजवळच्या फडात आम्ही ती कवचं पाहायला गेलो होतो. धुकं होतं. बाया दिसतच नव्हत्या; पाचटातून नुसत्या पांढऱ्या नडग्या चालत येत होत्या, सगळ्या एकसारख्या. चाचा चार पावलं मागं सरले. "माझेच पाय माझ्यावर चालून यायलेत, बेटा." ते हसले, पण बांधावरून खाली उतरले नाहीत.

त्यांना जाऊन काही आठवडे झाल्यावर शोभाक्का आणि मी गेलो. चाची इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर घरातच राहायचे ते चार महिने दहा दिवस. शेडमध्ये यंत्रावर तो पाय उभा होता, ओढणीनं झाकलेला. ओढणीखाली गुडघा कळत होता. टोळ्या निघायला आल्या होत्या, नव्या बायांना कवचं नव्हती, आणि आता यंत्र चालवता येणाऱ्या एकट्या चाचीच.

"लोक त्यांना कबरीत ठिवून आले," चाची म्हणाल्या, "अन् हा इथं उभा हाय. मी न्हाई लावायची मशीन."

मी तोंड उघडणार होते. शोभाक्कांनी माझ्या हातावर हात दाबला, आणि पिशवीतून आपलं जुनं कवच काढून चाचींपुढे ठेवलं. हाडाच्या जागी कोयत्याची खोल चीर होती.

"मला लागलं न्हाई, चाची. ह्यांनाच लागलं."

चाचींनी चिरेवरून बोट फिरवलं. बराच वेळ... मग उठून ओढणी काढली.

चादर तापली, मधोमध झोळ पडला. चाचींनी कळ दाबली. पंपानं दीर्घ श्वास घेतला आणि पांढऱ्या चादरीतून चाचांची नडगी वर आली. मी नजर वळवली, चाचींनी नाही.

तापलेलं कवच तसंच सोडलं तर वेडंवाकडं होतं, म्हणून चाचा ते पंख्याखाली ठेवायचे. चाची पंखा लावत नाहीत. एकेक कवच मांडीवर घेतात, दोन्ही हातांनी धरतात, आणि ते गार पडेपर्यंत तशाच बसून राहतात.