उभी राहिलेली माधवी

मालूमावशी गेली तेव्हा मी बँकेत होते. शेजारच्या गुरुजींचा फोन आला, "बेटा, लगेच घरी ये," आणि मला कळलं. गच्चीवर खुर्चीत बसल्याबसल्या गेली... गल्ली हळहळली, जन्मभर एकटी राहिली बिचारी. बिचारी? हा शब्द तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दूधविनायक मोहल्ल्यातलं छोटं घर आणि मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवणं, एवढ्यावर मावशीनं लग्नाविना आयुष्य झोकात काढलं. मंगला गौरीच्या देवळात रोज जाऊनही कधी नवरा मागितला नाही, असं हसत सांगायची. बदली होऊन मी तिच्याकडे राहायला आले, त्याच वर्षी तिनं गच्चीवर माधवीची वेल लावली. गुरुजी म्हणाले, "मालूताई, माधवीला आंब्याचा सहारा लागतो. कवींनीसुद्धा तिचं लग्न आंब्याशीच लावलंय."

"कवींना छाटणी कुठे येत होती, गुरुजी?"

मग ती हट्टालाच पेटली. आधार शोधत निघालेला प्रत्येक लांब फुटवा छाटायची. मला बघवायचं नाही. "मावशी, किती काटशील?" "काटते म्हणून तर खोड मजबूत होतंय. बघ जरा." वर्षं गेली आणि वेल खरंच झुडपासारखी आपल्या खोडावर उभी राहिली. फाल्गुनात पांढऱ्या फुलांनी लगडायची, प्रत्येक फुलाच्या एका पाकळीवर हळदीचा डाग, वास पार खालच्या गल्लीत. मावशी जिन्यात थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "आला का वास?"

तेराव्यानंतर नागपूरचे मामा आवराआवर करू लागले. माझंही तिकीट त्यांनी काढलं होतं. "एकटी मुलगी इथे कशी राहणार?" चाळिशी ओलांडलेल्या मला ते मुलगी म्हणत होते. मायेनंच म्हणत होते, तरी संताप आला. गच्चीवर गेले तर माधवीशेजारी बांबू रोवून तिला सुतळीनं करकचून बांधलेलं.

"पडेल गं ती," मामा मागून म्हणाले.

"इतकी वर्षं पडली नाही, मामा." मी सुतळी कापली, बांबू उपसला. "माझं तिकीट रद्द करा."

मामा रागावून एकटेच गेले. घर मोठं वाटतं, रडूही येतं... येऊ दे. माधवीला आता नवे फुटवे आलेत. काल पहिल्यांदाच मी कात्री घेतली. पहिला फुटवा कापला. पलीकडच्या गच्चीवरून गुरुजी म्हणाले, "बेटा, आता तरी वाढू दे तिला."

"वाढतेच आहे," मी म्हणाले आणि पुढचा फुटवा कापला.