एकवीस दाते

नोव्हेंबरपासून ऑगस्टपर्यंत दा अक्लीने गाडी शक्यतो डावीकडे वळवली नाही. अझाझ्गासारख्या डोंगरउतारावरच्या गावात हे सोपं नाही. त्याच्या घरून बाजारात जायला पोस्टाच्या कोपऱ्यावर एकदा डावीकडे वळलं की काम होतं. अक्ली मात्र सरळ खाली तेलघाण्यापर्यंत जायचा, तिथून उजवीकडे, शाळेमागून पुन्हा उजवीकडे, मशिदीपाशी तिसऱ्यांदा उजवीकडे, आणि मग बाजारात पोचायचा. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, कारणही ठाऊक होतं. डावीकडे वळताना पुढच्या उजव्या चाकातून कट्‌कट्‌कट्‌ असा आवाज यायचा. वळतानाही चाक फिरतं ठेवणारा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, गेला होता.

अक्ली बेलाइद, गावातला वडीलधारा म्हणून 'दा' अक्ली, अठ्ठावीस वर्षं तिझी-उझूच्या बस डेपोत फिटर होता. तिथल्या बसगाड्यांखाली आडवं पडून त्याची पाठ गेली आणि डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. पण कुठल्याही गाडीचा आवाज उजव्या कानाने ऐकून नेमकं काय बिघडलंय ते तो सांगायचा. अशा माणसाला स्वतःच्या गाडीचा जॉइंट बदलायला एक दुपार पुरे. सुटा भाग बाजारात राबाहच्या दुकानात मिळत होता. राबाह त्याचा डेपोतला जुना सोबती.

"दा अक्ली, हे बघ, डबीत आहे. घेऊन जा," राबाह दर आठवड्याला म्हणायचा.

"यूबा आणतोय."

"यूबा आणतोय तोवर तुझं चाक तुझ्या आधी घरी पोचेल."

"पोचू दे. दार उघडंच असतं."

यूबा त्याचा एकुलता मुलगा, फ्रान्समध्ये लियोंला असतो. गावातून तिकडे गेलेली पोरं ऑगस्टमध्ये समुद्र ओलांडून बोटीने परत येतात. गाडीच्या टपावर गाद्या, सायकली आणि आत कुणाकुणासाठी मागवलेले सुटे भाग. सुरुवातीची चार वर्षं यूबाही असाच आला. अक्ली दर उन्हाळ्यात एक वस्तू सांगायचा. एकदा पाण्याचा पंप, एकदा पट्टा, एकदा प्लग. यातलं सगळं राबाहकडे मिळायचं. बाप आणि मुलगा मग अंगणात अंजिराखाली दोन दिवस गाडी उघडून बसायचे. वर्दिया, अक्लीची बायको, तिथेच कॉफी आणून द्यायची.

त्यानंतर सहा वर्षं यूबा आला नाही. एका वर्षी नोकरी बदलली, एका वर्षी लग्न झालं, मग मूल झालं. कारणं खरी होती. नोव्हेंबरात फोनवर अक्लीने जॉइंटचं सांगितलं तेव्हा यूबा म्हणाला, "बाबा, तुम्ही घेऊ नका. इथला चांगला असतो. ऑगस्टमध्ये येतोय ना मी, घेऊनच येतो. आपण दोघं बसवू."

म्हणून अक्ली नऊ महिने उजवीकडे वळत राहिला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारचा स्लिमान फ्रान्सहून आला. गाडी रिकामी करता करता त्याने एक खोकं अक्लीच्या हातात ठेवलं.

"यूबाने दिलंय. त्याची रजा मंजूर झाली नाही, दा अक्ली. फार वाईट वाटत होतं त्याला."

"तब्येत बरी आहे ना त्याची?"

"उत्तम. पोट सुटलंय."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्लीने गाडी अंजिराखाली घेतली. एक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करावा लागतो आणि तेव्हा कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा. वर्दिया गाडीत जाऊन बसली.

"दाबलाय का?"

"दाबलाय. यूबा असता तर मला हे करावं लागलं नसतं."

"तुझा पाय त्याच्यापेक्षा जड आहे. दाब."

पान्याला पाइप लावून त्याने नट ढिला केला, जॅक चढवला, चाक काढलं, चाक फिरवणारा दांडा, एक्सल, जॉइंटसकट ओढून बाहेर घेतला. जॉइंटवरचं रबरी टोपण, ज्याला बूट म्हणतात, फाटलेलं होतं. आतलं ग्रीस वाळूसारखं खरखरीत झालं होतं. हातोडीच्या तीन ठोक्यांत जुना जॉइंट निघाला. त्याने एक्सलचं टोक पेट्रोलने धुतलं, यूबाने पाठवलेला जॉइंट खोक्यातून काढला आणि टोकावर बसवायला गेला.

तो बसेना. त्याने फिरवून पाहिला. मग चष्मा लावून, नखाने एकेक दाता मोजला. एक्सलला तेवीस होते, नव्या जॉइंटला एकवीस. त्याने पुन्हा मोजले.

वर्दिया अजून गाडीतच होती. ब्रेकवरचा पाय तिने काढला नव्हता, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय झालं?"

"एकवीस दाते आहेत. जुन्या गाडीचा आहे."

चार वर्षांपूर्वी अक्लीने जुनी गाडी विकून त्याच कंपनीची, त्याच पांढऱ्या रंगाची, जरा अलीकडची गाडी घेतली होती. यूबाकडे जुन्या गाडीच्या कागदांची झेरॉक्स होती. ती पाहून त्याने अगदी बरोबर भाग घेतला होता.

"मग फोन करून सांगा त्याला. बदलून देतील."

"काय सांगू? दारातली गाडी बदलल्याला चार वर्षं झाली, हे सांगू?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं?"

"तो येऊन बघेल, असं वाटलं."

वर्दियाने पाय काढला आणि ती घरात गेली.

राबाहचं दुकान उघडं होतं. अक्ली तिकडे गेला नाही. डेपोत नवा भाग मिळत नसे तेव्हा तिथले फिटर एक युक्ती करायचे. पुढे धावताना जॉइंट एकाच बाजूने झिजतो. उजवा काढून डावीकडे लावला आणि डावा उजवीकडे, की न झिजलेल्या बाजूवर भार येतो. त्याने दुसऱ्या बाजूचाही एक्सल काढला. दोन्ही जॉइंट धुतले, ग्रीस भरलं, अदलाबदल केली, घरात पडलेले जुने रबरी बूट चढवले. संध्याकाळ झाली. चाचणीला तो अंगणातच डावीकडे गोल फिरला. आवाज नव्हता.

"किती टिकेल?" वर्दियाने विचारलं.

"पुढच्या ऑगस्टपर्यंत," तो म्हणाला.

रात्रीचं जेवण झाल्यावर यूबाचा फोन आला.

"बसला का, बाबा?"

"बसला."

"नीट? मी कागद बघून घेतला होता."

"नीट बसला. आवाज गेला."

"बरं झालं. आता गाडीला काही नको ना?"

वर्दिया भाकरी फडक्यात गुंडाळत होती. तिचा हात थांबला.

"नको," अक्ली म्हणाला. "गाडी चांगली आहे. तू पोराकडे बघ."

यूबाने पाठवलेला जॉइंट त्याने तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून, खोक्यासकट फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात निघाला. राबाह पोस्टाच्या कोपऱ्यावर उभा होता. त्याने कानाला हात लावून ऐकलं आणि ओरडून म्हणाला, "गेला की आवाज. आता तरी वळ डावीकडे."

"पुढच्या ऑगस्टपर्यंत टिकवायचाय," म्हणत अक्लीने हात वर केला आणि गाडी सरळ खाली तेलघाण्याकडे नेली.