सोबतीची सही

चष्मेवाले काका आमच्या पंपाच्या ओपीडीत दर महिन्याला सगळ्यांच्या आधी येऊन बसत. हृदय थकलं म्हणून त्यांच्या छातीत छोटा पंप बसवला होता. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या पट्ट्यातल्या बॅटरीला जोडलेली असते. वायर जिथून बाहेर पडते तिथलं ड्रेसिंग एक दिवसाआड बदलायचं, तेही दुसऱ्याच्या हातानं, आणि वहीत सोबतीनं सही करायची. हा नियम माझा. डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागून मी तो करून घेतला आणि जखमा चिघळण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्यामुळे या नियमाला कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं. घरी सोबत नसेल तर बदली हृदयाच्या यादीत नाव राहत नाही, हेही मीच लिहून घेतलं होतं.

काकांची सोबत म्हणजे काकू. ड्रेसिंग शिकायला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सिस्टर, वायर जपते मी. ह्यांचं तोंड बंद ठेवायचं काही असेल तर तेही द्या." वहीत नुसती सही करून त्यांचं भागत नसे. शेजारी शेरा असायचाच. आज फार चिडचिड केली. आज जिना दोनदा चढले, विचारलं नाही.

मग काकू यायच्या बंद झाल्या. त्यांचे गुडघे धरलेत, असं काका सांगायचे. वही मात्र चोख भरलेली असायची. ओपीडीच्या दिवशी चाळीस माणसं बसलेली असतात, मी काकूंची चौकशी करायची, सही बघायची आणि पान उलटायची.

त्यानंतरच्या सहाव्या महिन्यात वायरच्या खालची कातडी लाल दिसली. मी भडकलेच. "काकूंना फोन लावा. खालच्या बाजूला औषध पोचतच नाहीये. इतकं शिकवून काय उपयोग?"

"मी सांगतो ना तिला," काका म्हणाले.

"तुम्ही नका सांगू. लावा फोन."

त्यांनी फोन खिशातून काढला आणि हातात नुसताच धरून बसले. मी पुन्हा वाकून पाहिलं. वरची बाजू घासूनघासून पांढरी पडलेली, आणि वायरखाली पोटाच्या वळीत बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. समोर बसून ड्रेसिंग करणाऱ्याच्या नजरेतून ती जागा सुटूच शकत नाही.

"काका, हे कोण करतं?"

"मीच." ते जरा हसले. "चाळीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून चष्म्याच्या काचा घासल्या. स्वतःच्या पोटाखालचं दिसेना."

"आणि काकू?"

"सहा महिने होतील जाऊन. सकाळी चहा टाकला आणि ओट्याशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. मरायची तयारी माझी चालली होती, सिस्टर. गेली ती."

मी वही मागे चाळली. सहा महिन्यांच्या सह्या, सगळ्या वळणदार, एकसारख्या. आणि शेरेसुद्धा. काल मीठ जास्त खाल्लं. सांगून ऐकत नाहीत. रिकाम्या घरात बसून या माणसानं स्वतःलाच रागे भरलं होतं, तिच्या अक्षरात.

"मला का नाही सांगितलंत?"

"यादीतून नाव काढलं असतंत."

काढलंच असतं. मला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी घरी गेले, कुलूप काढलं आणि दिवा न लावताच बसून राहिले. सोबतीच्या रकान्यात कुणाचं नाव लिहा म्हणाले तर माझ्याकडे तरी कोण आहे?

मंगळवारच्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. एकट्या माणसांचं ड्रेसिंग एक दिवसाआड वॉर्डात होईल, सही सिस्टर करतील आणि नाव यादीत राहील, असं मी मांडलं.

"नियम तुमचाच ना?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"माझाच. म्हणून चुकलाय तेही मीच सांगते."

बरीच कुरकुर झाली, पण नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी काका वॉर्डात आले तेव्हा मी जवळजवळ ओरडतच ती बातमी दिली. ते खुर्चीत बसले आणि शर्ट वर केला.

"आनंद नाही झाला?"

"झाला की. उपकार आहेत तुमचे." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "दर महिन्याला तुम्ही विचारायचात, काकू कशा आहेत. मी म्हणायचो, बरी आहे. तेवढी एकच जागा उरली होती सिस्टर, जिथं ती बरी होती."