चार घरांची चौकट

आमचे हे ससे पाळून विकतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिंजऱ्यांची रांग, आणि प्रत्येक झाकणावर खडूने काढलेली चार घरांची चौकट. नर काळा, मादीही काळी, पण दोघांच्याही आईबापांत एकेक पांढरं असलं की हे पिल्लांचे रंग त्या घरांत भरून आधीच सांगायचे, "चारांत एक पांढरं." मादी व्याली की आठांत दोन पांढरी निघायची. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. लोक चौकटमास्तर म्हणायला लागले आणि हे असे फुगले की विचारू नका. एकदा पाचांतली चार पांढरी निघाली, तर म्हणाले, शेजाऱ्याचा नर आत घुसला असणार. स्वतःचं चुकलं म्हणायला जीभ वळेल तर शपथ.

आमचा नातू, लेकीचा मुलगा, सहा महिन्यांचा झाला आणि निस्तेज पडत गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लेक आणि जावई दोघंही वरून ठणठणीत, पण दोघांच्या रक्तात एकच आजार दडलेला, आणि पोराला तो दोघांकडून मिळाला. आता जन्मभर दर महिन्याला रक्त चढवायचं. "पुढच्या प्रत्येक मुलाला चारांत एक इतका धोका आहे," बाई म्हणाल्या. "दिवस राहिले की लगेच येऊन तपासून घ्या."

लेकीला पुन्हा दिवस राहिले. तपासणीला पोर घाबरली. पोटात सुई घालतात, आणि वाईट निघालं तर पुढे काय, ह्या विचाराने तिला झोप येईना. आमच्याकडे येऊन तिने विचारलं, "बाबा, करू का हो तपासणी?"

ह्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवरच चौकट काढली. एका घरावर फुली मारली. "हे घर पोराने भरलं. उरली तीन, तिन्ही चांगली. कशाला सुई टोचून घेतेस?"

"अहो, डॉक्टर काय खुळ्या आहेत?" मी म्हटलं.

"तुला ह्यातलं काय कळतं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरीला तरी हेच ऐकायचं होतं. ती गेलीच नाही.

मुलगी झाली. तीही सहाव्या महिन्यात तशीच सुकत गेली.

रिपोर्ट आला तेव्हा ह्यांनी बाईंना विचारलं, "एकाला होऊन गेला होता ना, मग हिला कसा?"

"आजोबा, प्रत्येक मुलाच्या वेळी चौकट नव्याने मांडायची. आधी काय झालं त्याचा हिशेब त्यात धरत नाहीत."

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "बाबा, तुमच्या सशांना एका वेळी आठ होतात. मला एकच होतं."

मला मात्र राग आहे, आणि तो जाणार नाही. तरी डबा मीच भरून देते, कारण दर महिन्याला हे दवाखान्यात जातात. नातवाला लेक धरते. धाकटीला सुई लावताना ती आईकडे राहत नाही, बापाकडे राहत नाही. ह्यांच्याच मांडीवर गप्प बसते, ह्यांचं बोट मुठीत धरून, आणि हे भिंतीकडे बघत राहतात.